वचन पॅरिसचे, हिशेब वऱ्हाडचा

२०१५ सालच्या पॅरिस कराराला अनुसरून भारताने जगाला वचन दिले आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेने २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी घटवावयाचे, हा त्यातील एक संकल्प. विजेची निम्मी स्थापित क्षमता कोळसा, तेल व वायू यांवाचून उभारण्याचा दुसरा संकल्प तर मुदतीच्या पाच वर्षे आधी, २०२५ मध्येच सिद्धीस गेला. याचा अभिमान वाटणे योग्यच आहे.

परंतु त्याच करारात दुसरेही एक कर्तव्य नमूद आहे. बदलत्या ऋतुमानाला तोंड देण्यास दुर्बलांना समर्थ करणे, हे ते कर्तव्य. त्याचे माप मेगावॅटमध्ये निघत नाही. ते दर्यापूर-मूर्तिजापूरच्या शिवारातच घ्यावे लागते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहीर खणावी तर खारे पाणी लागते, आणि ते पिकाला द्यावे तर जमीन बिघडते. पावसाने ओढ दिली की कापूस, तूर, सोयाबीन यांना बहुतेक गावी शेततळ्यावाचून आधार नसतो. हे ओळखूनच राज्य शासनाने २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने सुमारे ४,००० कोटी रुपयांचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प १५ जिल्ह्यांत आरंभिला, आणि खारपाणपट्ट्यातील गावांचा त्यात मुद्दाम समावेश केला. २१ जिल्ह्यांचा दुसरा टप्पाही मंजूर झाला आहे.

योजना स्तुत्य आहे. तिची एक रीत मात्र आम्हांस खटकते. शेतकऱ्याने आधी पदरचा खर्च करावयाचा आणि अनुदान मागाहून त्याच्या खात्यात जमा व्हावयाचे, अशी ती रीत आहे. ज्याच्या गाठीशी पैसा आहे किंवा ज्याची बाजारात पत आहे त्याचे तळे होते. ज्याला पावसाची ओढ सर्वांआधी बाधते, तो कोरडवाहू अल्पभूधारक मागे राहतो. आगाऊ रक्कम अन्यत्र खर्च होईल, ही शासनाची भीती निराधार नव्हे. तथापि काम होईल तसतसे हप्ते दिल्यास त्या भीतीस फारसे कारण उरत नाही.

म्हणून दुसऱ्या टप्प्यात अल्पभूधारकांस हप्त्यांनी आगाऊ साहाय्य मिळावे, आणि किती तळी झाली, कोणाच्या शेतात झाली व ऐन उघडिपीत त्यांत किती पाणी होते, याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचला जावा. कर्ज आपण सर्वांनी फेडावयाचे आहे. तेव्हा हा हिशेब मागणे हे अकोला-अमरावतीच्या सुशिक्षित नागरिकांचेही कर्तव्य आहे, असे आम्ही समजतो.