मुसल्ल्याएवढी जागा

नववीला 'माझी आवडती जागा' असा निबंध दिला होता. निम्म्या वर्गाने पांडवलेणी नाहीतर गोदाघाट लिहिला, जो गाइडमध्ये तयार मिळतो. एका मुलीने मात्र 'पाण्याच्या टाकीमागची जागा' लिहिली. घरात दोन खोल्या आणि आठ माणसं. टीव्ही, शिलाई मशीन, धाकट्यांची भांडणं. म्हणून ती इशानंतर गच्चीवर टाकीमागे, मोबाइलच्या उजेडात बसते. शेवटचं वाक्य होतं, 'पावसाळ्यात मला आवडती जागा नसते.'

मी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि वही मिटली. पुढे बराच वेळ दुसरी वही उघडवली नाही.

जुन्या नाशकात, चौक मंडईपासून भद्रकालीपर्यंत, अशी घरं मोजायला गेलात तर दमाल. पूर्वी वाडे होते. त्यांचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही, तिथेही बाईच्या वाट्याला चूलच होती. पण माळा होता, कोनाडा होता, दरवाजाशी देवडी होती, हातभर जाडीच्या भिंती होत्या. रुसून बसायला कोपरा मिळायचा. आता दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना पालिकेच्या नोटिसा लागतात. त्यांच्या जागी जे उभं राहतं त्यात भिंत विटेएवढी असते आणि शेजाऱ्याची फोडणीही आपल्या घरात ऐकू येते.

शहर म्हणून आपण गर्दीचा विचार उत्तम करतो. 2026-27 च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पूल यांचं नियोजन चाललंय. करायलाच हवं. पण एकट्या माणसाला तासभर गप्प बसायचं असेल तर कुठे, हे कुठल्याच आराखड्यात नसतं. तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले, त्यामागे सावलीइतकीच ही भूकही असावी असं मला वाटतं.

गंमत म्हणजे याच गावाने हा प्रश्न एकदा नीट सोडवला होता. मुलांना पांडवलेण्यांना नेते तेव्हा मूर्तींपेक्षा भिक्षूंच्या खोल्या दाखवते. दहाव्या लेण्यात मधे मोठं दालन आणि कडेने 16 खोल्या आहेत. एक माणूस झोपेल, बसेल, एवढीच प्रत्येक. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, हा नियम होता. डोंगरातच पाण्याची टाकी कोरलेली. बाहेरून आणावं असं फार काही नाही.

त्याहून मोलाचा आहे तिथला शिलालेख. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी हे लेणं दिलं. नुसतं दिलं नाही, 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातल्या 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला 240. वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12, कपड्यासाठी. हिशेब पैशापर्यंत जुळतो. याला तिथे अक्षयनीवी म्हटलंय.

हे वाचून मला आपला वक्फ आठवला. खैबरची जमीन देताना हजरत उमर यांनीही हेच केलं होतं. जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, तिचं उत्पन्न तेवढं गरजूंना. जागा बांधणं सोपं असतं. तिचा दिवा, झाडू आणि पाणी दहा वर्षांनी कोण बघणार, याचं उत्तर आधी लिहून ठेवावं लागतं.

आणि एकांत आपल्याला परका कुठे आहे? हिराची गुंफा एवढीशी आहे की चार-पाच माणसं दाटीनेच बसतील. सूफींचा हुजरा, चाळीस दिवसांचा चिल्ला, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांचा एतिकाफ. मस्जिदीच्या कोपऱ्यात चादर बांधली की झाली खोली! मोहल्ल्यातल्या एकाने एतिकाफ केला तरी सगळ्यांची जबाबदारी उतरते.

बायकांसाठी हनफी फिकहमध्ये सोय आहे 'मस्जिद-ए-बैत'ची. घरातच नमाजसाठी एक जागा ठरवायची, तिथेच एतिकाफला बसायचं, गरजेशिवाय तिथून उठायचं नाही. किती सुंदर कल्पना आहे! पण न उठणाऱ्या बाईची सहेरी कोण करणार? माझ्या अम्मीला आयुष्यात एकदाही एतिकाफ जमला नाही. जागा नव्हती हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं कारण आम्ही होतो.

तेव्हा सुरुवात घरातून. मुसल्ला पसरेल एवढी जागा, टीव्हीकडे पाठ करून, शक्यतो खिडकीशी. मधे जाड सुती पडदा, भिंतीवर जुनी गोधडी. आवाज बराच गिळते, मी करून पाहिलंय. एक फळी, एक दिवा. खर्च पाचशेच्या आत. महाग आहे तो नियम, की पडदा ओढलेला असेल तर आतल्या माणसाला हाक मारायची नाही. पाणी मागायलाही नाही. हा नियम अब्बांना, भावांना शिकवणं गोधडीपेक्षा जड जातं.

ज्यांच्या घरी तेवढंही नाही त्यांच्यासाठी मोहल्ल्याने उघडावी अशी जागा आधीच बांधून तयार आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीला लागून मकतबची खोली आहे. फजरनंतरचा वर्ग सुटला की असरपर्यंत तिला कुलूप. पंखे आहेत, वजूचं पाणी आहे, दार गल्लीत उघडतं. तिथे दुपारी मुलींची अभ्यासिका का नको? नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे, अभ्यासिका ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. आणि बायकांना मस्जिदीत यायला इस्लाममध्ये मनाई नाही, हे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रतिज्ञापत्रावर सांगितलंय. मी तर फक्त बाजूची खोली मागतेय.

काही वाचक म्हणतील, आधी रोजगार, आधी दवाखाना. खरं आहे. पण दहावीत नापास झालेल्या मुलीला घरी बसवताना कोणी विचारत नाही की ती अभ्यासाला बसत कुठे होती.

कमिटीतल्या बुजुर्गांना जाऊन भेटले. चहा दिला, ऐकून घेतलं, 'बाजी, बात तो ठीक है' म्हणाले. दिव्याचं बिल आणि झाडूवालीचा पगार दोन दुकानदार द्यायला तयार आहेत, वर्षभराचा आगाऊ. मुलींची यादी माझ्याकडे आहे, सतरा नावं. बोलणं अडलंय ते चावी बाईच्या हाती द्यायची का यावर. पुढच्या जुम्म्यानंतर पुन्हा बोलावलंय.