सावलीतले पेव

ज्या अंगणात ऊन येत नाही ते अंगण वाया गेले, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. माझीही होती. निवृत्तीनंतर हौसेने लावलेले गुलाब दोन वर्षे फुलले नाहीत, तेव्हा सारा दोष मी वडिलांनी लावलेल्या आंब्याच्या माथी मारला. चिरंजीवांना गच्चीवर सौर पॅनेल बसवायची होती. त्यांनाही आंबा नडत होता. शहरातील झाड तोडण्यास १९७५ च्या अधिनियमानुसार परवानगी लागते. अर्जाचा मसुदा मीच केला. जन्मभर इतरांचे अर्ज तपासलेल्या माणसाचा मसुदा तो, त्यात उणीव कसली राहणार! परंतु सही करताना हात अडखळला, आणि कागद खणात गेला.

त्याच पावसाळ्यात आंबोलीला जाणे झाले. नोकरीच्या काळात सावंतवाडीस असताना घाटातील ओढ्यांच्या काठी, दाट झाडीखाली, एक उंच वनस्पती पाहिली होती. तीच पुन्हा दिसली. पुरुषभर उंचीचा दांडा, त्याभोवती गोल जिन्यासारखी चढत गेलेली पाने, शेंड्यावर तांबड्या छदांचे कणीस आणि त्यातून डोकावणारे चुरगळलेल्या तलम कागदासारखे पांढरे फूल. हेच पेव. संस्कृतात यास केमुक म्हणतात. आल्याचे हे दूरचे नातेवाईक. वनस्पतिशास्त्रातील त्याच्या जुन्या ‘कॉस्टस’ या नावामुळे काहीजण यालाच आयुर्वेदातील कुष्ठ समजतात. ते चूक आहे. कुष्ठ ही हिमालयातील निराळी वनस्पती.

जंगलातून उपटून आणणे मनास पटले नाही. रोपवाटिकेतून दोन रोपे आणली. एक आंब्याखाली लावले, दुसरे नळाजवळ. पालापाचोळ्याचे कुजलेले खत, भुसभुशीत माती आणि सकाळचे थोडे कवडसे, एवढ्यावर ती समाधानी होती. श्रावणात आंब्याखालच्या रोपास फूल आले. एक फूल एकच दिवस टिकते. मात्र कणसातून दुसरे येत राहते. छदांवर मुंग्यांची वर्दळ असते. तिथला मधुरस हे त्याचे कारण. त्यांना हुसकावू नये.

पौषात पाने पिवळी पडली आणि दांडे आडवे झाले. मी घाबरलो. नळाजवळच्या रोपास रोज पाणी घालू लागलो. आंब्याखालचे ‘गेलेच’ म्हणून सोडून दिले. एकदा खुरपे घेऊन ते उकरण्यास निघालो, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, झोपलेल्याला उठवून जिवंत आहेस का, असं विचारतात का?” बँकेत निष्क्रिय खात्यांचे नियम मला तोंडपाठ होते. खाते निष्क्रिय झाले म्हणून ठेव बुडत नाही, हे मी कित्येक वृद्ध खातेदारांना समजावले असेल. स्वतःच्या अंगणात मात्र सुचले नाही.

पहिला वळीव झाला. आंब्याखाली जांभळट कोंभ वर आले, मोजून पाच. नळाजवळ काहीच आले नाही. तिथली माती बाजूला केली तर कंद कुजून चिखल झालेला. हिवाळ्यात पेव विश्रांती घेते. त्या काळात माती जवळजवळ कोरडीच ठेवावी, हे त्या रोपाने मला स्वतः मरून शिकवले. त्याची रुखरुख अजून आहे.

चिरंजीवांनी अखेर गच्चीच्या पश्चिम टोकाला, सावली पोहोचत नाही तिथे, चार पॅनेल बसवली. त्यामुळे विजेचे बिल निम्म्यावर आले. पुरते मिटले नाही, याची आठवण ते मला अधूनमधून करून देतात. गुलाबाच्या कुंड्या शेजारच्या उन्हाळ अंगणात गेल्या.

पेवाची नवी रोपे करण्यास कंद खणण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्यात दांड्याचे वीतभर तुकडे करून ओल्या वाळूत आडवे ठेवले की पेरांपाशी कोंभ फुटतात. गतवर्षी सहा तुकडे ठेवले होते, चार जगले. एक धाकट्या भगिनीकडे जयसिंगपूरला गेला आहे. तिच्या घरामागेही चिंचेची दाट सावली आहे, आणि तिनेही ती चिंच तोडण्याविषयी मागे मला विचारले होते.