पहिल्या पन्नास तासांचे तेल कोण बदलणार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शिवाय कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान ठरलेल्या मर्यादेत मिळते. पनवेल तालुक्यात, आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्या शिरढोणसारख्या गावात, बैलजोडी सांभाळणे परवडत नाही, मजूर कारखान्यांकडे वळला आहे. तेव्हा माणूस यंत्राकडे वळणारच. पण चर्चा होते ती किमतीची आणि अनुदानाची. यंत्र टिकते की बिघडते, हे ज्या पहिल्या पन्नास तासांत ठरते, त्यांचे नाव कोणी काढत नाही.

नव्या गिअर बॉक्समध्ये दाते एकमेकांवर घासून बसत असतात. त्यातून लोखंडाचा बारीक चुरा निघतो आणि तेलात उतरतो. हे तेल वेळेवर काढले नाही तर तोच चुरा बेअरिंग आणि सील खात बसतो. म्हणून पहिली तेलबदली लवकर, बहुतेक यंत्रांना पन्नास तासांच्या आसपास सांगितलेली असते. नेमका आकडा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा. तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखाडी लगदा चिकटलेला दिसला तर घाबरू नये, तो पुसून टाकावा. मात्र बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर यंत्र उभे करून मेकॅनिकला दाखवावे.

आपल्या भागातली खरी अडचण वेगळीच आहे. यंत्र दिवाळीला येते, भात झोडून झालेले असते, आणि मग ते पडवीत उभे राहते. त्याचे पहिले तास पडतात ते थेट जून-जुलैच्या चिखलणीत. म्हणजे सगळ्यात जड काम, तेही गुडघाभर पाण्यात आणि नव्या गिअरवर! पन्नास तास भरतात तेव्हा लावणी ऐन रंगात असते, शेजारी भाड्याने मागायला दारात उभा असतो. अशा वेळी तेल बदलायला यंत्र कोण थांबवणार? म्हणून माझे म्हणणे असे, की हे तास पावसाआधीच भरून घ्यावेत. कापणीनंतर ओल असताना हलकी नांगरट करावी, उन्हाळ्यात रिकामी किंवा अर्धी ट्रॉली ओढावी. पहिली तेलबदली मे महिन्यातच उरकावी. पुष्कळ टिलरना तास मोजण्याचे मीटर नसते. त्यांनी वहीत रोजचे तास लिहावेत.

यंत्र घरी आले की चालू करण्याआधी इंजिन, गिअर बॉक्स आणि एअर क्लीनर तपासावेत. टिलरच्या रोटरीचे तेल बहुधा वेगळे असते, तेही पाहावे. 'विक्रेत्याने भरलेच असेल' असे धरून चालू नये. तेलाची पातळी सपाट जागेवर पाहावी, ट्रॅक्टरची लिफ्ट खाली सोडून.

हायड्रॉलिकचे गणित आणखी नाजूक. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल असते. तिथे दुकानात मिळेल ते स्वस्त गिअर तेल ओतले की ब्रेक कुरकुरतात आणि लिफ्ट जड होते. तेल ओतताना नरसाळे आणि डबा कोरडा, स्वच्छ हवा. धुळीचा कण पंपाला पुरतो. नवे तेल भरल्यावर रिकामी लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करावी, म्हणजे अडकलेली हवा निघते आणि धक्के बंद होतात. पाइप गळतो का हे हाताने कधीही चाचपू नये. दाबाखालचे तेल कातडीत घुसते. पुठ्ठा धरून पाहावे. तसे झालेच तर दुखत नाही म्हणून घरी न बसता लगेच दवाखाना गाठावा.

चिखलणीच्या दिवसांत तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजा. नुसते तेल बदलून भागत नाही, सीलही पाहावे लागते. ग्रीस रोज संध्याकाळी भरावे, चिखल धुतल्यावर.

ग्रामपंचायती आणि कृषी कर्मचाऱ्यांनाही एक सुचवावेसे वाटते. अनुदानाच्या मोका तपासणीला जाल तेव्हा यंत्राबरोबर पुस्तिकाही मागा आणि पहिल्या सर्व्हिसची तारीख शेतकऱ्याच्या वहीत लिहून द्या. सर्व्हिसचे बिल जपून ठेवायला सांगा. वॉरंटीच्या वेळी विक्रेता आधी तेच मागतो. आणि काढलेले तेल ओढ्यात ओतू देऊ नका. डब्यात साठवून ते सर्व्हिसवाल्याकडे परत द्यावे.