काटक म्हणून सोडून दिलेली मुलं

'खेड्यातली पोरं काटक असतात, त्यांना कसलं आलंय नैराश्य?' बीड जिल्ह्यात हे वाक्य पारावरही ऐकू येतं आणि शाळेतही. कौतुकाचं वाटतं, पण घात करतं. ज्याला काटक ठरवलं, त्याची विचारपूस कुणी करत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, शिरूर कासारमधून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, ऊसतोडीला निघतात. काही मुलं फडावर जातात, काही आजीपाशी मागं राहतात. मुकादमाची उचल, दुष्काळ, बुडणारी शाळा, मुलीच्या लग्नाची घाई. यातलं एखादं ओझं पेलवतं, सगळी मिळून मन खचवतात. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. दोन वर्षांची होण्याआधीच गरिबी, घरातला कलह अशी चार किंवा अधिक संकटं वाट्याला आलेल्या मुलांपैकी तिघांत दोघांना अठराव्या वर्षापर्यंत शिकण्याच्या, वागण्याच्या किंवा मनाच्या गंभीर अडचणी आल्या. संकटच माणूस घडवतं, हे मत इथं टिकत नाही.

दुसरे म्हणतात, 'ऊसतोड्याच्या पोराचं नशीबच तसं.' हेही खोटं. त्याच अभ्यासात तिघांतला एक सावरला. सावरलेल्यांना आजी-आजोबा, शिक्षक, शेजारी असं निदान एक भरवशाचं माणूस लाभलं होतं. म्हणजे उभारी देता येते. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं 'शांतिवन' ऊसतोड कामगारांच्या आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना घर आणि शाळा देतं, तेव्हा हेच घडतं.

'मग मुलांना आधार द्यायचं हे काम शिक्षकांनाच द्या,' हा तिसरा युक्तिवाद. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या 74 शाळांमधला मुलांच्या मानसिक आरोग्याचा प्रयोग 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत फारसा फरक पडला नाही. त्याच कामासाठी प्रशिक्षित समुपदेशक नेमला तिथं शाळेचं वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं घटली. हे समुपदेशक मोठे डॉक्टर नव्हते. अशी माणसं बीडमध्येही घडवता येतील.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. हंगामी वसतिगृहं कोयता निघण्याआधी उघडावीत. त्यांत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहांत आणि ऊसतोड गावांच्या शाळांत असा समुपदेशक असावा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. कोयता कधी निघतो, हे प्रशासनाला दरवर्षी ठाऊक असतं. त्याआधी मुलांपाशी भरवशाचं माणूस उभं करणं हे सरकारचं कर्तव्य आहे, आणि ते मागणं हा या मुलांचा हक्क.