उघडणं वेगळं, उचलणं वेगळं

आमचा पुण्याचा नातू दिवाळीला धरमपेठेत आला होता. एका दुपारी बघते तर स्वारी एका खेळाची फाइल उघडून त्यातली चित्रं आणि आवाज बाहेर काढतेय! मी म्हटलं, "अरे, ही चोरी झाली!" तो म्हणाला, "आजी, आधी बघ तर."

खेळ होता १९९३ सालचा 'डूम'. त्यात खेळ चालवणारा प्रोग्राम वेगळा आणि चित्रं, आवाज, नकाशे वेगळ्या 'वॅड' फाइलीत. या फाइलीच्या सुरुवातीला चार अक्षरांची खूण, आत किती वस्तू आहेत तो आकडा आणि अनुक्रमणिकेचा पत्ता. अनुक्रमणिका बहुधा फाइलीच्या शेवटी. तिच्यात प्रत्येक वस्तू कुठून सुरू होते, केवढी आहे आणि तिचं नाव, तेही फार तर आठ अक्षरांचं. पुस्तकच की हे! लोकांना स्वतःचे नकाशे जोडता यावेत म्हणून कर्त्यांनीच ही सोय ठेवली होती.

मला एकदम एक जुनी गोष्ट आठवली. शाळेतला बंद रेडिओ खोलला म्हणून एका मुलाला मी तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. पुन्हा त्याने माझ्यासमोर काही उघडलं नाही. ती शिक्षा मला आजही बोचते. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे, मुलांना उघडू द्यावं.

पण नातवाला त्यातलाच एक आवाज स्वतःच्या खेळात घालून मित्रांना वाटायचा होता. तिथे मी अडले. डूमचा प्रोग्राम १९९७ मध्ये खुला झाला, चित्रं आणि आवाजांचा हक्क मात्र कर्त्यांनी सोडला नाही. म्हणून तर 'फ्रीडूम'वाल्यांनी सगळी चित्रं, सगळे आवाज नव्याने तयार केले.

मी त्याला त्याच्याच गावचं उदाहरण दिलं. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' हा खेळ. २०१७ साली त्यांची लोकवर्गणी अपुरी पडली, तरी चिकाटीने २०२० मध्ये त्यांनी खेळ आणला. पहाडी चित्रशैलीवरून घडवलेली त्यातली दृश्यं फाइलीत नुसते आकडे म्हणून पडलेली असतील, पण त्यामागे कुणाच्या तरी हातांची कित्येक वर्षं आहेत. बघावं, शिकावं. आपल्या नावावर खपवू नये.

नातू थोडा वेळ फुगून बसला. मग मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेला. आता त्याच्या खेळातला राक्षस मरतो तेव्हा आमच्या कुकरची शिट्टी वाजते!

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.