मेंडेलच्या आधीचा वाटाणा

१/७
आनुवंशशास्त्राचा इतिहास बहुधा ब्रनोच्या मठातील बागेपासून सांगितला जातो. एक धर्मगुरू, वाटाण्याचे काही वाफे आणि अवचित उलगडलेला सृष्टीचा नियम! कथा मोहक आहे. पण वाटाणा घडवणाऱ्या असंख्य हातांवर ती अन्याय करते.

२/७
रानटी वाटाण्याची शेंग पिकताच तडकते आणि दाणे उधळते. कठीण सालीमुळे ते लवकर रुजतही नाहीत. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील शेतकऱ्यांनी न तडकणाऱ्या शेंगांचे, चटकन रुजणारे बी राखायला सुरुवात केली. आजच्या वाटाण्याची वंशावळ तेथून सुरू होते.

३/७
संकराचे प्रयोगही मेंडेलच्या आधीचे. इंग्लंडच्या थॉमस अँड्र्यू नाइटने १७९९ मध्येच त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. १८२० च्या दशकात जॉन गॉसला पहिल्या पिढीत लोपलेला दाण्याचा रंग पुढच्या पिढीत परतलेला दिसला. मात्र दाण्यांची मोजदाद दोघांनीही केली नाही.

४/७
मेंडेलने ती केली, आणि त्याचे थोरपण येथेच आहे. एका प्रयोगात ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. प्रमाण जवळजवळ ३:१!

५/७
हे गणित जुळले, कारण मूळ बियाणे शुद्ध होते. मेंडेलने बियाणे-विक्रेत्यांकडून ३४ वाण मिळवले, दोन वर्षे पारखले आणि त्यांतले २२ निवडले. वाटाण्याचे स्वपरागण शुद्धतेला साहाय्यक ठरते, हे खरे. तरी वेगळे रोप ओळखून त्याचे बी निराळे राखणारी नजर माळ्यांचीच होती. त्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

६/७
सुरकुत्यांचे जनुकीय कारण १९९० मध्ये उलगडले. एका जनुकात डीएनएचा उपरा तुकडा शिरल्याने स्टार्च घडवणारे एक विकर निकामी होते. दाण्यात साखर आणि पाणी अधिक उरते. वाळताना तो आक्रसतो. निसर्गातला हा बिघाड माणसाने गोडीसाठी जपला. भारतात रुळलेल्या ‘आर्केल’ मटाराचे बीही सुरकुतलेलेच असते.

७/७
यामुळे मेंडेलचे श्रेय तिळमात्र उणे होत नाही. परंतु नियम शोधणाऱ्याचा पुतळा उभारायचा आणि बी राखणाऱ्याला विसरायचे, हा इतिहास अपुरा आहे. जुने वाण आजही कोणाच्या तरी कणगीत तग धरून आहेत. ते राखणाऱ्यांची नोंद त्यांच्या हयातीतच व्हायला हवी. वाण नामशेष झाल्यावर केलेला गौरव पेरता येत नाही.