मानसशास्त्रज्ञ व्हायचे कोणत्या दाराने?

भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे रूढ भाषेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कोणाला म्हणावे याचे उत्तर कायद्यात लिहिलेले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या दुसऱ्या कलमात त्याची व्याख्या सापडते. एकतर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतून घेतलेली या विषयातील अर्हता हवी. किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. हवी, तीही रुग्णांबरोबरच्या पर्यवेक्षित प्रशिक्षणासह. संसदेने नाव घेऊन उल्लेखिलेली ही एम.फिल. पाच वर्षांनंतर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी.विषयक नियमावलीने बंद केली. एका मंत्रालयाच्या कायद्यात जी पदवी व्यवसायाचा पाया आहे, ती दुसऱ्या मंत्रालयाच्या अधिसूचनेत अस्तित्वातच नाही. प्रशासनात विसंगती मी पुष्कळ पाहिल्या. इतकी स्वच्छ अक्षरांत लिहिलेली क्वचितच.

हा प्रश्न केवळ शब्दांचा असता, तर तो विधी खात्यावर सोपवून पुढे जाता आले असते. परंतु या दोन कागदांच्या मधल्या फटीत देशभरातील विशी-पंचविशीतले हजारो अर्जदार उभे आहेत.

एम.फिल. रद्द करण्यामागे तर्क नव्हता असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली, पीएच.डी.चा मार्ग थेट केला आणि मधली ही पायरी काढून टाकण्याची शिफारस केली. इतिहास किंवा अर्थशास्त्रात ती योग्यच होती. आमच्या विषयात एम.फिल. म्हणजे पुष्कळदा पीएच.डी.ची प्रतीक्षा करण्याची जागा असे. चिकित्सा मानसशास्त्रातील एम.फिल.चे कुळ मात्र वेगळे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानंतर बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. आजच्या निम्हान्सची ती पूर्वज. तेथे १९५५ च्या सुमारास सुरू झालेल्या वैद्यकीय मानसशास्त्राच्या पदविकेचे पुढे एम.फिल.मध्ये रूपांतर झाले. मूळ पिंड व्यावसायिक प्रशिक्षणाचा: वॉर्डात बसून रुग्णाचा इतिहास घेणे, चाचण्या करणे, ज्येष्ठाच्या देखरेखीखाली उपचार शिकणे. नाव तेवढे संशोधन पदवीचे मिळाले, आणि छाटणी आली तेव्हा केवळ नावामुळे ही पदवीही कात्रीत सापडली.

पुढे जे घडले ते आपल्या कार्यपद्धतीला साजेसेच होते. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने विद्यार्थ्यांना बजावले की कोणत्याही एम.फिल.ला प्रवेश घेऊ नका. जानेवारीत जाणवले की चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन शाखांना दुसरा मार्गच नाही. म्हणून तेवढ्यांपुरती २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा दिली. चौदा महिन्यांत रद्द करणे, ताकीद देणे आणि मुदत वाढवणे, एवढे सारे झाले. या काळात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने काय करायचे होते, हे कोणत्याही परिपत्रकात नव्हते.

ती काय करते, ते वाचकांनी समजून घ्यावे. पदवीनंतर केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक परीक्षेतून ती एम.ए.ला येते. एम.ए.त किमान ५५ टक्के मिळवून (राखीव प्रवर्गांस सवलत आहे) एम.फिल.साठी एकेका संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करते. स्वतंत्र शुल्क, स्वतंत्र लेखी परीक्षा, स्वतंत्र मुलाखत. बंगळूर, रांची, तेजपूर, दिल्ली. यांतील रांची आणि तेजपूर ही नावे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटतात. तेजपूरचे मनोरुग्णालय १८७६ चे. रांचीची केंद्रीय मनोविकार संस्था १९१८ साली युरोपीय रुग्णांसाठी उघडलेली, आणि जवळच कांके येथे भारतीयांसाठीचे रुग्णालय १९२५ चे. साम्राज्याने वेड लागलेल्यांना शहरांपासून दूर ठेवण्यासाठी निवडलेल्या जागांवर आज देशातील उत्तम प्रशिक्षण मिळते, आणि प्रवेशेच्छुकाला त्या दिशेनेच प्रवास करावा लागतो.

जागा थोड्या असतात, आणि त्याचे कारणही समजण्याजोगे आहे. प्रशिक्षणार्थींची संख्या पात्र पर्यवेक्षकांच्या संख्येला बांधलेली आहे. पर्यवेक्षक वाढायचे तर आधी प्रशिक्षित माणसे वाढली पाहिजेत, आणि ती वाढायची तर पर्यवेक्षक हवेत. सरकारी संस्थेत विद्यावेतन मिळते. खाजगी संस्थेत तेच प्रशिक्षण काही लाखांना पडते. या टंचाईवर शिकवणी वर्गांचा धंदा उभा राहिला आहे. तेथे सिद्धांतकारांची नावे आणि चाचण्यांची वर्षे पाठ करून घेतली जातात. समोरच्या माणसाचे बोलणे न तोडता वीस मिनिटे ऐकता येते का, हे कोणताही बहुपर्यायी प्रश्न विचारू शकत नाही.

भाषेचेही तसेच. परीक्षा आणि अध्यापन इंग्रजीत, रुग्ण मात्र सादरी, संताली, असमिया, कन्नड बोलणारे. पूर्वसुरींना याचे भान होते. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी घडवली ती स्वातंत्र्याच्या आधी, आणि ती अजून वापरात आहे. जिल्ह्याच्या महाविद्यालयात आपल्या भाषेत मानसशास्त्र शिकलेला विद्यार्थी हा या व्यवसायाचा खरा ठेवा. आजच्या गाळणीत तोच आधी गळतो.

दुसरे दार २०२५ मध्ये बंद झाले. जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येणार नाही, असे आयोगाने ठरवले. पत्रद्वारे उपचारक घडत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु इग्नूचे एम.ए. अनेकांसाठी उपचारकाचा परवाना नव्हते, ती प्रवेशपरीक्षेपर्यंत नेणारी शिडी होती. नोकरी करणारा शिक्षक, लग्नानंतर शिक्षण सुटलेली स्त्री, पदवीला दुसरा विषय घेतलेली परिचारिका यांना ती परवडत असे. शिडी काढायची तर सायंकालीन वर्ग किंवा जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले अर्धवेळ वर्ग आधी सुरू करायला हवे होते.

हा निर्णय ज्या कायद्याच्या आधारे झाला, तो २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाचा. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ आहेत, पण पुनर्वास परिषदेच्या कक्षेतील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगळून! म्हणजे एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एक आरोग्य मंत्रालयाकडे, दुसरा सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, आणि दोघांची पदवी शिक्षण मंत्रालयाकडे. पुनर्वास परिषदेने आता पदवी आणि पदव्युत्तर स्तरावर चिकित्सा मानसशास्त्राचे नवे अभ्यासक्रम आखले आहेत. दिशा योग्य आहे. जुन्या पद्धतीने बी.ए. आणि एम.ए. केलेल्याला मात्र त्यात कोणत्या पायरीवर प्रवेश, हे तीन मंत्रालयांनी मिळून एका कागदावर सांगायला हवे.

गरज किती आहे, याचा पुरावा सरकारचाच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विविध विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये लाखामागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ असल्याची नोंद केली. त्यांच्यावरचा भार हलका करू शकणारी व्यक्ती म्हणजे हा मानसशास्त्रज्ञ. १९९६ पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात त्याचे पद आहे. सेवेत असताना एका जिल्ह्यात मी त्या पदाची जाहिरात तीनदा निघालेली पाहिली. तिन्ही वेळा पात्र अर्ज शून्य. अखेर त्या तरतुदीतून जीपचे भाडे भागवले गेले.

करण्याजोगे फार नाही, आणि त्याला फार पैसाही लागत नाही. २०१७ च्या कायद्यातील व्याख्येत पदवीच्या नावाऐवजी प्रशिक्षणाचा कालावधी आणि स्वरूप लिहावे, म्हणजे पुढच्या छाटणीत व्यवसाय कापला जाणार नाही. सर्व सरकारी संस्थांसाठी एक अर्ज आणि एक लेखी परीक्षा असावी, तीही भारतीय भाषांत. मुलाखत ज्या त्या संस्थेने घ्यावी. निवृत्त पर्यवेक्षकांना पाच वर्षांसाठी परत बोलवावे. आणि कोणताही बदल ज्या सत्रापासून लागू व्हायचा, त्याच्या किमान दोन वर्षे आधी जाहीर करावा, कारण एम.ए. दोन वर्षांचे असते.